तिसरा शब्द

"...आणि यंदा लेंतच्या उपासकाळात दर बुधवारी घरोघरी जो शास्त्राभ्यास होईल," पाळकसाहेब चर्चमधल्या पुलपिटावरून म्हणाले, "तो चालवण्याची जबाबदारी आपण तोरणे भगिनींकडं देत आहोत."

मी उठलेच होते. पदर सारखा केला, चष्मा नाकावर ढकलला, आणि पहिल्या बाकावरनं उभी राहिले. आमच्या वस्तीत तोरणे घर एकच, आणि त्या घरात भगिनी म्हणायची ती मी. दीनाबाई तोरणे. वीस वर्षं महिला मंडळाची अध्यक्ष. योना मास्तरांची बायको. ज्या शाळेत ह्या वस्तीतली निम्मी माणसं अक्षरं शिकली, ती शाळा मास्तरांनी चालवली. त्यामुळं सगळी वस्ती मला आत्याबाई म्हणायची, आणि वाट विचारायला यावं तसं माझ्याकडं वचन विचारायला यायची.

"सौभाग्यवती शुलमिथ शांतवन तोरणे," पाळकसाहेबांनी वाक्य पुरं केलं.

शुलमिथ माझी सून, माझ्या शांतवनची बायको. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ती मागं पाचव्या बाकावर होती आणि उठलीसुद्धा नाही, नुसती मान खाली घातली. उभी एकटी मी. सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती.

मी तशीच चालत खिडकीपाशी गेले आणि खिडकी लावून घेतली. फेब्रुवारी संपत आलेला, वाऱ्याचा पत्ता नव्हता.

उपासना सुटल्यावर रिबेका पाटोळे माझ्या अंगाला चिकटूनच बाहेर आली. तिचा नवरा मंडळीचा कारभार बघणारा डीकन, त्यामुळं चर्चमधली कुठलीही गोष्ट आपल्याला आधी कळते असा तिचा समज होता, आणि तो बहुतेक खराच होता.

"सलाम, दीनाबाई. खिडकी का हो लावलीत?"

"ऊन येत होतं."

"उत्तरेच्या खिडकीतनं?"

"तुला उकाडा कळत नाही का? अंगावर चरबी असली की कळत नाही."

"बरं बाई. सून मात्र भाग्याची मिळाली तुम्हाला. मॅट्रिक पास, बोर्डिंगात राहिलेली. साहेब आमच्या ह्यांना म्हणाले, आत्याबाईंचं आता वय झालं, नव्या रक्ताला वाव द्यावा."

माझं वय तेव्हा चोपन्न होतं. डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीचा चढ चढत होते मी.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मला वाचता येत नव्हतं. सही यायची. सुटी अक्षरं एक एक करून लावता यायची, पण जोडाक्षर आलं की माझी गाडी थांबली, आणि पवित्र शास्त्रात जोडाक्षरांना काय तोटा आहे? आज हे लिहितेय ते मागनं शिकले म्हणून. कुणाकडनं शिकले ते विचारू नका.

पण वस्तीला हे ठाऊक नव्हतं. मास्तरांच्या बायकोला वाचता येत नसेल, हे कुणाच्या मनातच येणार नाही. मास्तरांनी शिकवायचं मनावर घेतलं होतं लग्नानंतर. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या 'ष'ला हसले, आणि मी पाटी उंबऱ्यावर आपटून फोडली. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. त्याऐवजी रोज सकाळी मी भाकरी थापायला बसले की ते समोर पाटावर बसून मोठ्यानं शास्त्र वाचायचे. आधी वचनाचा आकडा, मग वचन. सत्तावीस वर्षं. एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातनं जात नाही, ही देणगी देवानं मला दिली. चारी शुभवर्तमानं, स्तोत्रं, पौलाची पत्रं, सगळं आकड्यासकट पाठ. सभेत पुस्तक उघडून धरायचं आणि म्हणायचं. कोण बघायला येतंय पान कुठलं उघडलंय ते?

मास्तर गेले. आणि दोन वर्षांनी ही आली.

हिला एका महिन्यात कळलं. माझ्या भावाचं पत्र आलं होतं. मी म्हटलं, "शुली, जरा वाच गं, माझा चष्मा सापडत नाही." तिनं पत्र घेतलं. माझ्याकडं पाहिलं. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

तिनं शांतपणे पत्र वाचून दाखवलं, घडी घालून माझ्या हातात दिलं, आणि भाजी निवडायला बसली. तिथनं माझं डोकं फिरलं. तिनं शांतवनला सांगितलं असतं, शेजारी कुजबुजली असती, तर मी तिच्याशी उभा दावा मांडला असता आणि जिंकलेही असते. पण तिनं ते गुपित पदराच्या गाठीला बांधून ठेवलं आणि रोज माझ्यासमोर त्या पदरानिशी वावरायला लागली. सुनेच्या पदरात सासूची अब्रू! रात्रंदिवस मला ती गाठ दिसायची.

म्हणून त्या रविवारी साहेबांनी तिचं नाव घेतलं तेव्हा मला काय झालं असेल ते बघा.

लेंत सुरू झाला. प्रभूच्या दुःखाचे चाळीस दिवस आमच्याकडं मासमच्छी बंद, लग्नकार्य बंद, बायकांच्या केसात फूल नाही. मी दिवसभर उपास करायची. संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर उकडलेले हरभरे आणि बिनदुधाचा चहा. शुलीला पित्ताचा त्रास, ती दुपारी दोन घास खायची.

"खा, खा," मी म्हणायची. "शास्त्र शिकवणाऱ्याला ताकद लागते. आमच्यासारख्यांनी उपाशी राहिलं तरी चालतं."

"तुमच्यासाठी थोडी पेज ठेवू का आई?"

"मला पेज पाजायला मी काय बाळंतीण आहे?"

बुधवारी दुपारी चारला अभ्यास असायचा. मी त्या दिवशी मुद्दाम गहू पाखडायला काढायची, गोधड्या धुवायला काढायची. ही पोर सगळं उरकून, तोंड धुऊन, पांढरं लुगडं नेसून बरोबर पावणेचारला दारात उभी. आणि जायच्या आधी माझी पिशवी भरून ठेवायची. आत शास्त्र, आणि ज्या अध्यायाचा अभ्यास असेल त्या पानात लाल फीत. म्हणजे मी उघडलं की बरोबर जागा. हे ती न बोलता करायची. मी न बोलता पिशवी घ्यायची, आणि वाटेत मनातल्या मनात तिला शिव्या घालायची.

सांगायची मात्र चांगली. खोटं कशाला बोलू? मी उपदेश करायची म्हणजे गर्जायची. पापाचं नाव घेतलं की पुढच्या रांगेतल्या बायका चुंबळीसारख्या आक्रसायच्या. ही हळू बोलायची. विचारायची, "तुम्हाला काय वाटतं, शास्त्रातली मार्था आपल्या बहिणीवर का चिडली असेल?" आणि ज्या बायकांनी वीस वर्षांत माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं त्या बोलायला लागल्या. गंगापूरवाली सलोमी रडत रडत आपल्या जावेचं सांगायला लागली. वह्या काय, पेन्सिली काय! शांतवन घरी आला की, "आई, शुलीनं काय सुंदर समजावलं म्हणे आज! कारखान्यावर पाटोळेमामा सांगत होते."

"हो का? मग तिलाच वाढायला सांग, माझे हात दुखतात."

लेकरू माझं, सत्तावीस वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लेलं. गपचूप उठला आणि आपलं ताट आपण वाढून घेतलं. बायकोला हाक मारली नाही, पण आईला सॉरीही म्हणाला नाही.

पाचवा बुधवार आमच्या घरी होता. मी अंगण सारवलं, ओसरीवर सतरंज्या घातल्या, मोठ्या पातेल्यात हरभरे उकडायला टाकले. त्या दिवशी मी ठरवलं होतं, तिनं भरलेली पिशवी हातात घ्यायची नाही. माझ्याच घरात मला कशाला पिशवी? मी फळीवरनं मास्तरांचं जाड टायपाचं शास्त्र स्वतः काढलं. काळं कव्हर, लाल कडा. मांडीवर ठेवून मधोमध बसले.

अकरा बायका जमल्या. रिबेका माझ्या उजव्या अंगाला टेकली. गीत झालं, प्रार्थना झाली. शुलीनं आपलं शास्त्र उघडलं. "आज लूक, बाविसावा अध्याय, पन्नासाव्या वचनापासून. मी वाचते."

"थांब गं," रिबेका म्हणाली. "दर वेळी तूच वाचतेस. साहेब म्हणत होते, प्रत्येकीनं एक एक वचन वाचावं. आळीपाळीनं. म्हणजे लक्ष राहतं."

शुली पटकन म्हणाली, "नको मावशी, वेळ जाईल. हरभरे गार होतील."

तिनं हे म्हटलं आणि माझ्या डोक्यात रागाची तिडीक गेली. बघा कशी अडवते, म्हटलं! हिला वाचन सोडवत नाही. हिचा आवाज, हिचे उच्चार, सगळ्यांनी ऐकत बसायचं. चार बुधवार ती एकटी का वाचत होती, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. आलं असतं तर मी तोंड मिटलं असतं.

"का बरं नको?" मी म्हटलं. "वाचू दे की सगळ्यांना! तुझं महत्त्व कमी होतं का त्यानं?"

शुलीनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांनी नको नको म्हणत होती. मला ते कळलं, आणि म्हणूनच मी आणखी ताठ बसले. मी घाबरत नव्हते. तो अध्याय मला पाठ होता. पन्नासपासून सुरुवात, डावीकडनं मोजलं तर माझा नंबर सातवा, म्हणजे छपन्नावं वचन. पेत्र अंगणात शेकोटीपाशी बसलाय आणि एक दासी त्याला निरखून बघते, ते.

एकेक बाई वाचत गेली. सलोमी अडखळली तेव्हा मी 'च्यक्' केलं. माझी पाळी आली. मी पुस्तक उघडलं, चष्मा वर सरकवला, आणि पानावर नजर ठेवून छपन्नावं वचन खणखणीत म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

आता रिबेकाची पाळी. तिचं शास्त्र बारीक टायपाचं, आणि तिला दिसायचं बेताचं. "दीनाबाई, जरा तुमच्यातनं वाचते," म्हणाली आणि माझ्या मांडीवर वाकली.

वाकली ती वाकलीच राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "दीनाबाई, हे काय? हे तर गीतांचं पुस्तक आहे."

सगळ्यांच्या माना माझ्या मांडीकडं वळल्या.

"एकशे बारावं गीत. नाताळचं. गोठ्यातल्या बाळाचं!" तिनं मान वर केली. "लेंतात नाताळचं गाणं उघडून तुम्ही लूक वाचताय होय?"

मास्तरांची दोन पुस्तकं एकाच कव्हराची होती. दोन्ही जाड टायपाची, दोन्ही एकाच माणसाकडनं बांधून घेतलेली. गाण्याच्या ओळी तोकड्या असतात, पानावर अर्धी जागा मोकळी असते, हे मला दिसलंही होतं. मला वाटलं, टायप मोठा म्हणून असेल.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सलोमीनं मघाशी माझं 'च्यक्' ऐकलं होतं; ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उमटायला लागलं होतं. आणखी दोन श्वास, आणि सगळ्यांना कळणार होतं.

"हो ना," शुली म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा. "आई पुस्तक बघतच नाहीत कधी. कशाला बघतील? आपण बघतो, कारण आपल्याला येत नाही." आणि तिनं आपलं शास्त्र फटकन मिटलं. "मिटा सगळ्यांनी. मावशी, तुम्हीही मिटा. आता बघू, पुढचं एक वचन तरी कुणाला पाठ म्हणता येतं का?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. रिबेकाला विचारलं. रिबेका 'म्हणजे... पेत्र म्हणाला...' एवढ्यावर थांबली. डीकनची बायको!

"आई," शुली म्हणाली, "शेवटपर्यंत म्हणा."

मी म्हटलं. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. पेत्र तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही; कोंबडा आरवला, प्रभूनं वळून पेत्राकडं पाहिलं, पेत्र बाहेर जाऊन रडला. तिथंही थांबले नाही, अध्यायाच्या शेवटपर्यंत गेले. मी मान वर केली तर सलोमी पदरानं डोळे पुसत होती. एक म्हातारी माझ्या पाया पडली. "आत्याबाई, असं हृदयात वचन आमच्यात कुणाच्या नाही," असं म्हणाली. रिबेकासुद्धा म्हणाली, "धन्य आहे हो तुमची."

मी जिंकले. आणि हरभरे वाढायला उठले तेव्हा कळलं. मी जिंकले नव्हते, मला जिंकवलं होतं. बाहुलीला उचलून उभं करतात तसं उभं केलं होतं मला सुनेनं, अकरा बायकांसमोर.

चुलीपाशी मी तिला गाठलं.

"तुला काय वाटलं, मी उपकार मानीन?"

"नाही, आई."

"मग कशाला मधे पडलीस?"

ती पातेल्यातनं हरभरे काढत होती. "तुम्ही अडकला होतात," ती म्हणाली. एवढंच. त्यात टोमणा असता तर मी तिला तिथंच सोलून काढली असती. शोधला मी. नव्हता.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आधीच्या रविवारी, पाळकसाहेब आमच्या घरी आले. उत्तम शुक्रवारी, प्रभूला वधस्तंभावर दिलं त्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये बारा ते तीन उपासना असते. प्रभू वधस्तंभावरनं सात वेळा बोलला, त्या सात शब्दांवर सात जण बोलतात. तिसरा शब्द तो आपल्या आईशी बोलतो, तिला एका शिष्याच्या हाती सोपवतो. हा शब्द नेहमी बाईकडं असतो. अठरा वर्षं तो माझ्याकडं होता. यंदा तोही जातो की काय, ह्या विचारानं मी महिनाभर झोपले नव्हते.

"आत्याबाई," साहेब म्हणाले, "बुधवारचं ऐकलं मी. सगळ्या वस्तीत तोच विषय आहे. तिसरा शब्द तुमच्याशिवाय कुणाला देणार?"

मी शुलीकडं बघितलं. ती चहा गाळत होती.

"मात्र यंदा एक नवं आहे. प्रत्येकानं बोलायच्या आधी जुन्या करारातला एक भाग वाचायचा. तुमचा हा." त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि चहा पिऊन गेले.

चिठ्ठी मी हातात धरून बसले. शुली हात पुसत आली, चिठ्ठीवर वरनंच नजर टाकली.

"विलापगीत. सहा वचनं."

विलापगीत मास्तरांनी मला कधी वाचून दाखवलं नव्हतं. म्हणायचे, नांदत्या घरात ते नको.

"आई, मी वाचते," शुली म्हणाली. "तुम्ही दोनदा ऐकलंत की तुमचं होईल. पुस्तक उघडून धरा, पान मी लावून देईन. कुणाला कळायचं नाही. तुमचं-माझं राहील."

तुमचं-माझं! ते दोन शब्द मला चटका बसावा तसे लागले. दर वर्षी तिसरा शब्द येणार, दर वर्षी चिठ्ठी येणार, आणि मरेपर्यंत हे तुमचं-माझं राहणार.

तरी मी हो म्हटलं. दुसरा मार्ग काय होता? सोमवारी सकाळी मी भाकऱ्यांना बसले, आणि ती समोर पाटावर बसली. त्याच पाटावर. आधी वचनाचा आकडा, मग वचन. हे तिला मी सांगितलं नव्हतं. शांतवननं सांगितलं असावं. ती मास्तरांपेक्षा चांगली वाचायची. मास्तर वाचायचे ते वर्गाला वाचल्यासारखं. ही वाचायची तेव्हा वाटायचं, ती बाई, ते ओसाड पडलेलं गाव, इथंच चुलीपाशी बसून रडतंय. हे मी आज लिहिते. तेव्हा जीभ झडली असती तरी म्हटलं नसतं. पहिल्याच दिवशी मला सहाही वचनं पाठ झाली. तरी मंगळवारी मी पुन्हा वाचायला लावलं, आणि बुधवारीही, आणि गुरुवारीही. का ते माझं मलाच कळत नव्हतं, आणि त्याचाही राग यायचा.

शुक्रवार. बाहेर आग पडत होती. पंखा एकच, तो पाळकसाहेबांच्या डोक्यावर. सगळ्या बायका पांढऱ्या लुगड्यांत, वेदीवर काळं कापड, घंटा वाजली नाही. पहिला शब्द झाला, दुसरा झाला. गीताचं शेवटचं कडवं सुरू झालं आणि मी उठले. शुलीनं पिशवीतनं शास्त्र काढून माझ्या हातात दिलं. लाल फीत जागेवर होती. तिनं फीत बोटानं दाबून दाखवली, आणि किंचित हसली. धीर द्यायला. मला धीर!

पुलपिटाच्या तीन पायऱ्या चढेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. सहा वचनं तोंडाशी तयार होती. मी शास्त्र पुलपिटावर ठेवलं, फितीवर बोट ठेवलं, आणि समोर पाहिलं. सगळी मंडळी, आणि त्यात तिसऱ्या बाकावर ती. ओठ हलत होते तिचे. माझ्यासाठी पहिलं वचन मनात म्हणत होती, मी विसरले तर असावं म्हणून.

मी शास्त्र मिटलं.

"हा भाग मला वाचता येत नाही," मी म्हटलं. "हाच नाही. ह्या पुस्तकातली एक ओळसुद्धा मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हती. सत्तावीस वर्षं मास्तरांनी वाचलं, मी ऐकलं. वीस वर्षं तुमच्यासमोर पुस्तक धरून मी खोटं वाचलं. त्या बुधवारी रिबेकानं बघितलं ते बरोबरच बघितलं. मी दासीला बघून नाही म्हणणाऱ्या पेत्रासारखी बसले होते."

मिटलेल्या शास्त्रातनं मी लाल फीत ओढून काढली.

"आता हा भाग मी म्हणते. पाठ केलाय. माझ्या सुनेनं चार दिवस वाचून दाखवला म्हणून."

आणि म्हटला. सहाही वचनं. मग तिसऱ्या शब्दावर बोलले. काय बोलले ते आठवत नाही. लोक सांगतात की बाप्ये रडले. रिबेका ओक्साबोक्शी रडली, उपासना संपल्यावर माझ्या गळ्यात पडली. पाळकसाहेबांनी माझे दोन्ही हात धरले. "आत्याबाई, चाळीस वर्षांत ह्या पुलपिटावरनं असा पश्चात्ताप झाला नसेल," म्हणाले. साहेबांची नेमणूक होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. पण ती साक्ष जिल्हाभर फिरली. अजूनही लेंत आला की कुठल्या ना कुठल्या मंडळीत कुणीतरी सांगतं, एका म्हातारीनं प्रभूसमोर आपला अभिमान कसा टाकला. मी समोर बसलेली असले तर मान खाली घालून ऐकते. लोकांना वाटतं, नम्रता.

पण त्या दिवशी मी पुलपिटावरनं बोलत होते तेव्हा प्रभूकडं बघत नव्हते. मी तिच्याकडं बघत होते. ओठ हलायचे थांबले होते तिचे. मग चेहरा पडला. सगळं चर्च रडत होतं आणि तेवढी एकटी शुली कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती, पदराची गाठ कुणी कापून नेल्यासारखी. तिला कळलं होतं. तिथल्या दीडशे माणसांत तिला एकटीलाच कळलं होतं.

तीन वाजता सगळे न बोलता घरी निघाले. आमच्याकडं त्या दिवशी वाटेत बोलत नाहीत. शांतवन पुढं गेला. आम्ही दोघी मागं, उन्हात, एका छत्रीत. छत्री तिनं धरली होती, आणि माझ्याकडं जास्त कलती धरली होती.

चिंचेच्या झाडापाशी आल्यावर ती थांबली.

"आई," ती म्हणाली, "मी कुणालाही सांगणार नव्हते. कधीच नाही."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "म्हणून तर सांगितलं."